मागाच्या खोलीत छापलेलं माझं पहिलं एचिंग

पन्नाशी ओलांडल्यावर एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडसारख्या रसायनाने रेघा कोरून ते चित्र कागदावर छापणं, शिकता येतं का, ॲसिडची भीती वाटली नाही का, नागपुरात प्रेस मिळाला तरी कुठे, असं आता बरेच जण विचारतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. चित्रकलेशी माझा संबंध एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांपुरता. माझ्यासारख्या कुणाला करून बघायचं असेल तर सुरुवात कुठून करायची हे कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. कागदपत्रांसकट लिहिते, कारण आमच्या बाबतीत चित्राच्या आधी कागदपत्रंच आली.

जून २०२४ संपत आला होता, शाळा उघडायच्या बेतात होत्या. मैत्रिणीचा फोन आला. "आधार कार्ड घेऊन ये वं रविवारी. भाडेकरार करून राहिली मी, साक्षीदार पायजे."

तिचं आजोळ तांडापेठेत. आजोबा विणकर. घरामागे लांबट खोली, तिच्यात चार खड्डा माग. आजोबा गेले, माग एकेक करून थांबले, आणि खोलीत जुन्या गाद्या, सायकली, कूलरचे सांगाडे साठत गेले. मैत्रीण इथल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकली. पुढे काही काळ भोपाळला भारत भवनाच्या ग्राफिक कार्यशाळेत काम केलं. मग संसार, आईचं आजारपण, आणि गांधीबागेत लग्नपत्रिका डिझाइन करण्याची नोकरी. ती नोकरी तिने एकोणपन्नासाव्या वर्षी सोडली. आपल्याला प्रेस बसवायचा आहे आणि जागा आजोळचीच हवी, हे तिचं पक्कं होतं.

घरातलीच माणसं, मग करार कशाला, असं मीही विचारलं. तिचं म्हणणं असं, की जागेवर दोन लाखांच्या वर खर्च करायचा तर लेखी हवं. उद्या भाच्यांची पिढी आली तरी कुणाच्या मनात किंतू राहू नये. हे तिचं वागणं मला फार आवडलं. आपल्याकडे नात्यात कागद आणला की माणसं दुखावतात. तिने तो असा आणला की मामांनाच हायसं वाटलं.

पण करार करायचा तर मालक कोण ते आधी ठरायला हवं. आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचंच नाव होतं. वारस नोंदीसाठी नगर भूमापन कार्यालयात अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, मग हरकतींची मुदत. हे तिने आदल्या दिवाळीपासूनच सुरू केलं होतं. तीन मामांच्या बरोबरीने तिच्या आईचंही नाव लागलं, आणि करारात चौघंही जागा देणारे झाले. कुणी घरच्या जुन्या जागेत असं काही करणार असेल तर पहिलं काम आखीव पत्रिका काढून बघण्याचं. रंग, दिवे, प्रेस सगळं त्यानंतर.

कराराचं गणित इथे मांडते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. भाडं महिना सहा हजार, परत मिळणारी अनामत तीस हजार, मुदत छत्तीस महिने. लिव्ह अँड लायसन्सचा करार एका वेळी जास्तीत जास्त साठ महिन्यांचा होतो. एकूण भाडं २,१६,००० रुपये. अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे ९,०००. बेरीज २,२५,०००, तिचे ०.२५ टक्के म्हणजे ५६२ रुपये ५० पैसे. ते पुढच्या शंभरात जातात, म्हणून मुद्रांक शुल्क ६०० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. एजंटने घरी यंत्र आणून सगळ्यांचे फोटो आणि अंगठे घेतले, त्याचे पैसे वेगळे. करार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार जागामालकाची असते, भाडेकरूची नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्या मामांचा अंगठा यंत्राला लागेना. आयुष्यभर सूत हाताळून बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. दुसरं बोट, तिसरं बोट करत शेवटी अनामिका लागली.

अंगठे झाल्यावर तिने खोली दाखवली. कवेलूंचं छप्पर, मातीच्या भिंती, जमिनीत कमरेइतके चार खड्डे. विणकर त्यात पाय सोडून बसायचा. उत्तरेकडे खिडकी नव्हती. "तिथे पाडायची," ती म्हणाली, "आणि मधले काही कवेलू काढून काचेचे बसवायचे." मला मात्र अंधार आणि सायकली दिसत होत्या.

पावसाळाभर काम चाललं. तिच्याकडे जायचं तर मी सुभाष नगरहून मेट्रोने अग्रसेन चौकाला उतरते, मधे गाडी बदलावी लागत नाही. तिथून ई-रिक्षाने गोळीबार चौक आणि पुढे पायी. ३ सप्टेंबरला, मारबतीच्या दिवशी, मुद्दाम गेले. गवंडी आलेच नव्हते, सगळी वस्ती मिरवणुकीत. आम्ही दोघी त्या गर्दीतून वाट काढत घरी आलो आणि रिकाम्या खोलीत बसून तर्री-पोहे खाल्ले. दोन खड्डे मुरूम घालून, वर काँक्रीट टाकून बुजवले होते. चौथा तिने ठेवला होता. त्याच्याशेजारचा एक मागही त्याच्या खड्ड्यासकट ठेवला, मोठ्या मामांसाठी. ते अजून कधीकधी त्यावर बसतात.

चौथ्या खड्ड्याचं कारण ऐकलं तेव्हा तिच्या डोक्याचं मला खरंच कौतुक वाटलं. एचिंग छापताना कागद ओलसर लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात ओला कागद बघता बघता कडक होतो. विणकर खड्ड्यात बसायचे तेव्हा खालच्या ओलाव्याने सूत तुटत नसे. तोच ओलावा तिला कागदासाठी हवा होता. खड्ड्याला आतून विटा लावून वर लाकडी झाकण केलं. भिजवलेले कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ती तिथे ठेवते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना मी त्यात हात घालून पाहिला आहे.

विजेचं कनेक्शन वर्षानुवर्षं बंद होतं. नव्यासाठी महावितरणच्या संकेतस्थळावर अर्ज केला. त्याला नोंदणीकृत भाडेकरार, मालकांचं ना-हरकत पत्र आणि परवानाधारक वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागला. करार आधी झाला होता म्हणून हे सरळ गेलं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि मोफत आहे, तिला कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दुकाने-आस्थापना कायद्याखाली तेव्हा, २०२४ मध्ये, दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना द्यावी लागायची, ती पण ऑनलाइन.

प्रेस हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने घडवला. दोन जाड रोलर, त्यांच्यामधून सरकणारा लोखंडी पाट, आणि मोठं चाक. खर्च सव्वा लाखाच्या आसपास, निम्मे आगाऊ. दिवाळीनंतर देतो म्हणाला आणि नोव्हेंबरच्या शेवटी दिला. गल्लीत टेम्पो शिरेना, तेव्हा शेजारच्या पोरांनी लाकडी ओंडक्यांवरून सरकवत आत आणला. त्या संध्याकाळी मामींनी सगळ्यांना सावजी मटण खाऊ घातलं. एक सूचना: रोलर बसवल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे का हे कार्बन पेपर घालून तपासा. फॅब्रिकेटर समोर असतानाच तपासलेलं बरं.

इथवर मी बघी होते. डिसेंबरात, अधिवेशनामुळे शहरातले रस्ते तुंबलेले होते तेव्हा, ती म्हणाली, "तू नुसती येऊन बसते. एक प्लेट कर न आता."

मला भीती होती ती ॲसिडची. शाळेच्या प्रयोगशाळेचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे त्याचे नियम मला माहीत होते. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ॲसिड विकणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव, पत्ता, कारण नोंदवावं लागतं, फोटो असलेलं ओळखपत्र बघावं लागतं, आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही विकता येत नाही. तसं असायलाच हवं. पण भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या या गल्लीत नायट्रिक ॲसिडचा धूर सोडायचा, हे मला पटत नव्हतं.

तिने एक प्लास्टिकचा ट्रे पुढे केला. आत निळंशार पाणी. "मोरचूद आहे," ती म्हणाली. "संत्र्याच्या झाडाले बोर्डो लावतात न, त्यातलं. आणि मीठ."

माझं मन तिथेच शांत झालं. हे तर मी दरवर्षी दहावीला शिकवते. जस्त तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील असतं, म्हणून कॉपर सल्फेटच्या, म्हणजे मोरचुदाच्या, द्रावणात जस्त टाकलं की ते विरघळतं आणि तांबं बाहेर पडतं. विस्थापन अभिक्रिया. परीक्षानळीत निळा रंग फिका होताना मी शेकडो मुलांना दाखवला आहे. त्याच अभिक्रियेने चित्र कोरता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जस्ताचा पत्रा इतवारीत लोहा ओळीत शोधला. तिथे जस्त म्हटलं की दुकानदार आधी छपराचा जस्ती पत्रा काढतो. तो आतून लोखंड, वरून जस्ताचा लेप. मी शाळेतला चुंबक सोबत नेला होता. चुंबक चिकटला तर तो पत्रा आपला नाही. खरं जस्त तिसऱ्या दुकानात मिळालं. साधारण पंधरा बाय वीस सेंटिमीटरचा, एक मिलिमीटर जाडीचा तुकडा दीडशे रुपयांना. मोरचूद कृषी केंद्रात, किलोला साडेतीनशेच्या आसपास. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा मागवला, त्याला यायला वेळ लागला. म्हणून पत्र्याच्या आधी कागद मागवा.

जानेवारी २०२५ चे बरेच रविवार प्लेट तयार करण्यात गेले. आधी कानशीने चारही कडा उतरत्या करायच्या. नाहीतर प्रेसखाली त्या कागद आणि छापताना त्यावर घालायचं ब्लँकेट दोन्ही कापतात. मग बारीक पॉलिश पेपर, मग खडूच्या पुडीने आणि थोड्या अमोनियाने तेलकटपणा काढायचा. पाणी पत्र्यावर थेंबाथेंबाने न थांबता एकसंध पसरलं की पत्रा स्वच्छ झाला. पाठीमागे पॅकिंगची टेप. पुढून ग्राउंड, म्हणजे मधमाशीचं मेण, राळ आणि डांबर एकत्र वितळवून केलेला लेप, रोलरने पातळ पसरायचा. मग प्लेट उलटी धरून मेणबत्तीच्या काजळीने काळी करायची. काळ्यावर सुईने रेघ ओढली की खालचं जस्त चमकतं. सुई म्हणजे रफूची जाड सुई, लाकडी दांड्यात बसवलेली. कोरायचं नाही, नुसता लेप खरवडायचा. कोरायचं काम मोरचूद करतं. हे हाताला समजायला वेळ लागला, कारण बोट आपोआप जोर लावतं.

मी मागावर बसलेले मोठे मामा काढले. चित्र छापल्यावर उलटं येणार हे माहीत होतं. मैत्रिणीचा सल्ला असा, की अक्षरं नसतील तर पहिल्या प्लेटला समोर दिसतं तसंच काढ, हात मोकळा राहू दे.

एक लिटर पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम मोरचूद आणि तितकंच मीठ. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, स्वयंपाकाचं एकही भांडं नाही. प्लेट बुडवली आणि मिनिटभरात रेघांवर तांबूस गाळ उमटू लागला. मामांचं पागोटं, आडवा धागा नेणारा धोटा पळवायची हातातली दोरी, धागे ओवलेली फणी, सगळं लालसर होत गेलं. तो गाळ मऊ ब्रशने झटकत राहावा लागतो, नाहीतर रेघ बुजते आणि खाली कोरलं जात नाही. फिक्या हव्या त्या रेघा दहा मिनिटांनी प्लेट बाहेर काढून, धुऊन, वॉर्निशने झाकल्या. बाकीच्या पुन्हा बुडवल्या. सगळ्यात गडद रेघांना एकूण चाळीस मिनिटं दिली.

मिनिटं कुठून आली, तर तिच्या वहीतून. प्रत्येक प्लेटसाठी एक पान: तारीख, द्रावण किती जुनं, खोलीचं तापमान, किती मिनिटं, रेघ कशी आली. जानेवारीत बावीस अंशाला चाळीस मिनिटं घेणारी रेघ मे महिन्यात निम्म्याहून कमी वेळात होते. चित्रकाराची वही म्हणून मी उघडली आणि ती निघाली प्रयोगवही. माझ्या विद्यार्थ्यांना प्रयोग कसा लिहावा हे दाखवायला मी तिची दोन पानं फोटो काढून नेली. तिच्या कामाबद्दल मला जे वाटतं ते सगळं त्या वहीत आहे. फसलेल्या प्लेटचं पानही तितक्याच नीट अक्षरात लिहिलेलं.

वापरून फिकं झालेलं द्रावण नालीत ओतायचं नाही. तांबं आणि जस्त पाण्यातल्या जीवांना घातक असतं. त्यात धुण्याचा सोडा घालत गेलं की गाळ खाली बसतो. वरचं पाणी निवळू द्यायचं, पुन्हा थोडा सोडा टाकून गाळ उमटतो का बघायचं, आणि साचलेला गाळ वाळवून बंद डब्यात ठेवायचा. असा डबा तिच्याकडे आहे, वर तारीख लिहिलेला.

छापायचा दिवस फेब्रुवारीत आला. थंडीत शाई घट्ट असते म्हणून प्लेट थोडी गरम करून घेतली. शाई सगळ्या प्लेटवर चोळून भरायची, मग पुसायची. वर राहिलेली शाई जाते, खाचेतली राहते. पुसायला ताठ जाळीचं कापड लागतं. तयार कापड महाग, म्हणून मामींनी मच्छरदाणीच्या सुती कापडाला तांदळाची खळ लावून दिली, पूर्वी सुताला लावायच्या तशी. त्यानंतर जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा सपाट धरून हलकेच, आणि शेवटी तळहाताने. खड्ड्यातून कागद काढला, दोन टीपकागदांमध्ये दाबून वरचं पाणी टिपलं, प्लेटवर ठेवला, ब्लँकेट घातलं आणि मी चाक फिरवलं. रोलर प्लेटवर चढताना चाक जड होतं, आणि तिथे थांबायचं नाही, एका दमात पलीकडे न्यायचं.

तिने कागदाचं एक टोक उचलून माझ्या हातात दिलं. "तूच काढ."

मामा होते. त्यांच्या गालावरच्या बारीक रेघा, ज्या मला प्लेटवर धड दिसतही नव्हत्या, कागदावर उठून आल्या होत्या. रेघेवर बोट फिरवलं तर शाईचा उंचवटा लागत होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. ती शेजारी उभी राहून म्हणाली, "डाव्या कोपऱ्यात शाई जास्त राहिली. पुढचा काढ." याच्यापेक्षा चांगलं ती काही बोलू शकली नसती. मला लगेच काम मिळालं.

सहा चांगल्या प्रती निघाल्या. त्या वाळायला टीपकागद आणि जड फळ्यांमध्ये आठवडाभर. मग खाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, १/६, २/६ असे, मधे नाव, उजवीकडे सही. पेनने करू नये, शाई उडते. माझा सगळा खर्च पत्रा, कागद, शाईतला वाटा धरून अठराशेच्या घरात गेला. प्रेस वापरायचे तिने पैसे घेतले नाहीत. तिचा नियम एवढाच, की जो छापेल त्याने टेबल, ट्रे आणि रोलर धुऊन जायचं आणि वहीत पान लिहायचं. गल्लीतली काही मुलं शनिवारी येतात, त्यांनाही हाच नियम. तीही पान लिहितात.

पहिली प्रत मोठ्या मामांना दिली. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग आपले हात मागावर असल्यासारखे पुढे केले, उजवा, मग डावा.

"मी डावखुरा कधीपासून झालो वं? दोरी उजव्या हातानं ओढते विणकर. धोटा त्यानंच सुटते."

छापताना चित्र उलटतं हे मैत्रिणीने त्यांना समजावलं. त्यांना ते समजलंही. पण ज्याने साठ वर्षं उजव्या हाताने दोरी ओढली त्याला कागदावर डाव्याने ओढताना बघणं पटेना, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून आता दुसरी प्लेट सुरू केली आहे. या वेळी आधी ट्रेसिंग पेपरवर काढून, कागद उलटा करून ग्राउंडवर उतरवलं. फणीतून किती धागे जातात ते मामांनी शेजारी बसून मोजायला लावलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत द्रावणात टाकणार आहे. तिच्या वहीप्रमाणे चाळीस अंशाला पंधरा मिनिटांवर पहिल्यांदा बाहेर काढून बघायची.